थायरॉइड असेल तर विमा असा काढावा

गेल्या महिन्यात मला विमा कंपनीचं पत्र आलं. दोन पानांचं, छान गुळगुळीत कागदावर. ते वाचल्यापासून मला या विषयाचं बरंच ज्ञान झालं आहे. ज्ञान दिल्यानं वाढतं असं शाळेत शिकवलं होतं, म्हणून ते तुम्हाला देते आहे. घरटी एक थायरॉइडवाली असतेच, तेव्हा वाया जाणार नाही.

सगळ्यात उत्तम म्हणजे थायरॉइड होऊच देऊ नये.

व्हायचाच असेल तर पॉलिसी हातात पडल्यावर व्हावा. तोही लगेच नको, पहिले तीस दिवस अपघात सोडून दुसरं काहीही झालेलं कंपनीला चालत नाही. गळ्यातल्या ग्रंथीला तेवढी शिस्त लावा.

आधीच झालेला असेल तर रक्त द्यायचा दिवस पंचांग बघून ठरवा. टर्म प्लॅनसाठी, म्हणजे आपण गेल्यावर घरच्यांना पैसे देणाऱ्या विम्यासाठी, कंपनीचा मुलगा सकाळी सातला डबा घेऊन दारात येतो. त्या दिवशी टीएसएच, म्हणजे रक्तातला थायरॉइडचा आकडा, साधारण चारच्या आत पाहिजे. माझा आला ६.८. घरात पुतणीचं लग्न होतं, महिनाभर ती उपाशीपोटीची गोळी चहाबरोबरच पोटात जात होती. डॉक्टरांनी पन्नासची पंच्याहत्तर केली आणि म्हणाले, दोन महिन्यांनी परत बघू, काळजीचं काही नाही. कंपनीला मात्र काळजी वाटली आणि तिनं अर्ज पुढे ढकलला. टीएसएच जागेवर आला तोवर मध्ये माझा वाढदिवस होऊन गेला होता, वय एक वर्षानं वाढलं, म्हणून हप्ताही वाढला. तेव्हा वाढदिवस टाळा.

हप्ता आजारामुळे वाढवला तर त्याला लोडिंग म्हणतात. टेम्पोत माल भरल्यासारखं. आपली गोळी मायक्रोग्रॅममध्ये, त्यांचं लोडिंग टक्क्यांमध्ये.

जुने कागद जपून ठेवा. 'पहिल्यांदा निदान झालं तेव्हाची चिठ्ठी आणा' असं तुम्हाला कधीही विचारलं जाईल. माझं निदान २०१५ सालचं. तेव्हाच्या डॉक्टरांनी प्रॅक्टिस बंद केली, दवाखान्याच्या गाळ्यात आता मोमो मिळतात. मी खरंच तिथे जाऊन उभी राहिले होते. मोमोवाल्याकडे माझा केस पेपर नव्हता.

आता सर्वांत महत्त्वाचा सल्ला. फॉर्म नेहमी एजंटला भरू द्या.

आमचा एजंट म्हणजे यांचा जुना मित्र, गणपतीला घरी येणारा. जानेवारी २०२१ मध्ये मेडिक्लेमसाठी त्याचा फोन आला तेव्हा मी फोडणीला उभी होते. 'वहिनी, आजारबिजार काही?' म्हटलं, थायरॉइडची गोळी आहे. 'छे हो वहिनी, थायरॉइड काय आजार आहे? आमच्या घरात तिघींना आहे. लिहिलं की उगाच मेडिकल काढतात, हप्ता वाढवतात. ते राहू द्या. ओटीपी आला असेल बघा, सांगा.' मोहरी तडतडत होती, मी सहा आकडे सांगितले. त्या सहा आकड्यांचा अर्थ 'वरील सर्व माहिती मी स्वतः वाचून खरी असल्याचं सांगते' असा होतो, हे मला त्या गुळगुळीत पत्रानं शिकवलं.

साडेचार वर्षं हप्ते भरले. एकही चुकला नाही, एकदाही दावा नाही. मग या जूनमध्ये मध्यरात्री पोटात असं दुखलं की ऑटोत बसवेना. पित्ताशयात खडे. दुर्बिणीनं ऑपरेशन, बिल एक लाख अडतीस हजार. भरती होताना डोळे तारवटलेल्या एका मुलानं विचारलं, 'काकू, रोजची काही गोळी?' मी खरं सांगितलं. मरणाच्या वेदना होत असताना कोण खोटं बोलतं? त्यानं केस पेपरवर लिहिलं, के/सी/ओ हायपोथायरॉइड, दहा वर्षं; म्हणजे थायरॉइड कमी असल्याचं आधीपासून माहीत आहे. एवढ्या एका ओळीवर कॅशलेस अडला. डिस्चार्जची शेवटची मंजुरी तीन तासांत द्यायची असा नियम आहे ना? सकाळी अकराला डिस्चार्ज मिळालेली मी रात्री आठपर्यंत सलाईनची सुई हातात ठेवून बिलिंगच्या खिडकीसमोर बसले होते. टीपीएचा, म्हणजे कंपनीच्या वतीनं दावे बघणाऱ्या संस्थेचा पोरगा फोनवर सांगत होता, 'मॅडम, क्वेरी रेज झालीय.' शेवटी यांनी एफडी मोडली.

आणि मग ते पत्र. महत्त्वाची माहिती दडवली, सबब दावा नामंजूर, पॉलिसी रद्द. पित्ताशयातल्या खड्यांचा आणि दडवलेल्या गोळीचा संबंध काय, यावर दोन पानांत एक वाक्य नाही. दावा नाकारायला आता कंपनीच्या समितीची मंजुरी लागते. म्हणजे चार शहाणी माणसं एकत्र बसून माझ्या पन्नासच्या गोळीवर चर्चा करून उठली.

हिशेब ऐका. आयुर्विम्याला विमा कायद्याचं कलम ४५ आहे, तीन वर्षं उलटली की कंपनीला जुनं काही उकरता येत नाही. मेडिक्लेमला साठ महिने लागतात. म्हणजे मेलात तर तीन वर्षं पुरतात, जगलात तर पाच. माझे त्रेपन्न महिने झाले होते. तेव्हा खड्यांना सांगा, सात महिने कळ काढा.

पुढचा सल्ला द्यायचा होता, नव्या कंपनीकडे अर्ज कसा करावा यावर. त्या फॉर्मवर प्रश्न असतो, 'यापूर्वी कोणत्या कंपनीनं आपली पॉलिसी रद्द केली आहे का?' जाऊ दे. मला आता गंमत सुचत नाही.

अरे कंपनीवाल्यांनो, लाज वाटत नाही का? फॉर्मवर खरं लिहिलं असतं तर काय झालं असतं? हप्ता हजार-दोन हजारांनी वाढला असता, थायरॉइडच्या खर्चासाठी काही वर्षं थांबायला लागलं असतं, आणि खड्यांचं बिल तुम्हाला मुकाट द्यावं लागलं असतं. त्या एका 'नाही'मुळे सगळं गेलं. तो 'नाही' मी लिहिला नव्हता, तुमच्या एजंटनं लिहिला होता, ज्याला तुम्ही कमिशन देता. हप्ता घेताना तो तुमचा माणूस, दावा आला की कोण तो? आणि तोंडी विचारून भरलेला फॉर्म साडेचार वर्षं तुमच्याकडे पडून होता, तेव्हा एकदाही तपासावासा वाटला नाही? मी भरती झाल्याबरोबर बरी दुर्बीण सापडली.

आणि तू, भावजी म्हणवणाऱ्या माणसा, 'वहिनी, मी तुमच्या भल्यासाठीच केलं' हे मला परत ऐकवू नकोस. तुझ्या घरातल्या तिघींचे फॉर्म आधी काढून बघ.

मीही मूर्खच. ओटीपी देताना गॅस बंद करायला किती वेळ लागतो?

तुम्हीही हसत वाचत बसू नका. कपाटातली फाईल काढा. पॉलिसीच्या मागे तुमच्याच अर्जाची प्रत जोडलेली असते, ती कुणी वाचलेली नसते. थायरॉइड, बीपी, शुगरपुढे काय टिक आहे ते बघा. खोटं असेल तर आज कंपनीला लेखी कळवा, ईमेलनं, एजंटमार्फत नको. हप्ता वाढवतील, वाढवू द्या. दावा फेटाळला असेल तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालांकडे जा. पुण्यात आणि मुंबईत कार्यालय आहे, फी नाही, वकील लागत नाही, पन्नास लाखांपर्यंतचं प्रकरण चालतं. कंपनीच्या शेवटच्या उत्तरानंतर वर्षभरात जावं लागतं, तेवढी तारीख विसरू नका. माझी फाईल तयार आहे, सोमवारी देते आहे. त्यात त्या मोमोच्या दुकानाचा फोटोही जोडलाय.