टोपी नव्हे, बादली

मराठीत भोळ्या माणसाला टोपी घालतात. २०११ च्या ‘स्कायरिम’ या व्हिडिओ गेममध्ये त्याच्या डोक्यावर बादली घालतात. खरीखुरी.

रिव्हरवूड गावचा ल्युकन हा दुकानदार असून कायमचं गिऱ्हाईक. त्याच्या दुकानातला सोन्याचा पंजा आधीच चोरीला गेलाय. तो परत आणायचं काम हा बाबा दारातून आलेल्या कुठल्याही उपऱ्याला देतो, आणि आणून दिला की काउंटरवर उघडा मांडून ठेवतो! माझ्या मते याला भोळेपणा म्हणत नाहीत, आमंत्रण म्हणतात.

तर त्याचं दुकान लुटायची कृती. बादलीकडे बघून कीबोर्डवरचं ‘ई’ बटण दाबून धरायचं. नुसतं टिचकीभर दाबलंत तर बादली पिशवीत जाते, आणि दुकानातली असली तर तीच पहिली चोरी. धरलेली बादली अलगद नेऊन ल्युकनच्या डोक्यावर पालथी सोडायची. डोळे झाकले पाहिजेत. मग कंट्रोल दाबून खाली वाकायचं. तुम्ही कुणाला दिसताय का ते सांगणारा पडद्यावरचा डोळा मिटला की रान मोकळं. त्याच्या डोळ्यांपासून तुमच्यापर्यंत सरळ रेघ पोचते का, एवढंच गेम तपासतो. मध्ये बादली आली, रेघ तुटली. ‘भरदिवसा अंधार कसा झाला?’ हा प्रश्न त्याला कुणी शिकवलेलाच नाही. कान मात्र शाबूत असतात, म्हणून जड बूट काढा. कर्रकर्र वाजणाऱ्या वहाणांत मिरवणाऱ्या आम्हा कोल्हापूरकरांना हे जरा जडच जातं.

तो चालायला लागला की बादली घसरते. शिवाय दुकानात त्याची बहीण कमिला असते. डोकी दोन तर बादल्या दोन. (गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर बादली घेऊन कुणाच्या डोक्याजवळ जाऊन बघा. ‘काय करालाईस रं?’ हे मार खाल्ल्यावर विचारतील.)

खरे हाल पुढे. सुरुवातीला ओझ्याची मर्यादा ३००. वर एक चमचा गेला की पळणं बंद, रांगत्या चालीनं निघायचं. तेवढ्यात रंकाळ्याला फेरी मारून भेळ खाऊन होते. आणि माल विकायचा कुणाला? डोक्यावरची बादली न कळणारे हेच दुकानदार चोरीचा चमचा मात्र बरोब्बर ओळखतात, हात लावत नाहीत. म्हणजे पार रिफ्टनला, चोरांच्या टोळीतल्या टोनिलियाकडे. तिच्या गल्ल्यात सुरुवातीला १००० मोहरा. त्या संपल्या की गेममधले ४८ तास थांबा. एका वेळी २४ तासच थांबता येतं, म्हणून दोनदा.

एवढं करून परतताना कधीकधी रस्त्यात तीन भाडोत्री गुंड गाठतात. त्यांना आडवं करून खिसे चाचपले तर सुपारीची चिठ्ठी निघते. खाली सही: ल्युकन. बादलीखालून केलेली असूनही अक्षर सुवाच्य.