ताबा मिळाला? आता मत बनवा

अभिनंदन! बाणेरला, बालेवाडीला नाहीतर आंबेगावला तुम्हाला फ्लॅटचा ताबा मिळाला. पेढे वाटून झाले असतील, तर आता पुण्याच्या विकासाबद्दल मत बनवायला घ्या. पडदे, गीझर नंतर बघता येतील. पण सोसायटीच्या सभेला मत न घेता जाणे म्हणजे बारशाला हात हलवत जाण्यासारखे आहे.

मत बनवायला फारसे काही लागत नाही. ताबापत्रावरची तारीख पाहा. त्या दिवसापर्यंत शहरात जे बांधले गेले तो विकास; त्यानंतरची सगळी बजबजपुरी. तुमच्या पार्किंगच्या जागी पूर्वी ऊस होता की हरभरा, या खोलात शिरू नका. ‘पुणे आता राहण्यासारखं राहिलं नाही’ हे वाक्य मात्र पाठ करा. ते म्हणायला इथे अमुक वर्षे राहिलेच पाहिजे, अशी अट नाही. आठ महिन्यांत म्हणणारे मी पाहिले आहेत. (मला 22 वर्षे लागली, पण मी मुळातच संथ.)

टेकडीवर मनापासून प्रेम करा. बिल्डरने तीच दाखवून चौरस फुटाचा भाव वाढवला होता, म्हणजे तिचे पैसे तुम्ही भरलेले आहेत. समाविष्ट गावांतल्या सुमारे 978 हेक्टर टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण आहे. तिथे चार टक्के बांधकाम द्यावे की एक वीटही नको, हा वाद आपल्याकडे पिढीजात चालत आला आहे. तुम्ही अर्थातच ‘एक वीटही नको’च्या बाजूने. अपवाद फक्त गावाकडच्या मेहुण्याने तिथे गुंठा-दोन गुंठे घेऊन ठेवले असतील तर.

खरी परीक्षा बालभारती–पौड फाटा रस्त्याची. वेताळ टेकडीच्या अंगावरून जायचा, म्हणून यावर मोर्चे निघाले, कोर्टकचेरी झाली. तुम्ही कोथरूडहून रोज सेनापती बापट रस्त्यावर ऑफिसला जात असाल, तर हा रस्ता म्हणजे ‘मिसिंग लिंक’. पहाटे टेकडीवर फिरायला जात असाल, तर तो शहराच्या फुप्फुसांवर घाला. दोन्ही करत असाल तर घाबरू नका. सकाळी साडेआठपर्यंत टेकडी वाचवा. सव्वानऊला लॉ कॉलेज रस्त्यावर गाडीचा हँडब्रेक ओढाल, तेव्हा मत आपोआप बदलेल. संध्याकाळी परत बदलते.

विकास आराखडा वाचायच्या भानगडीत मात्र पडू नका. जुन्या हद्दीचा आराखडा 2007 ते 2027 या वीस वर्षांसाठी होता. सरकारची मंजुरी आली जानेवारी 2017 मध्ये. लग्नाची पत्रिका पंगत अर्धी उठल्यावर पोस्टाने यावी, तसे. हरकती-सूचना मागवतात तेव्हा गप्प राहा. दारात जेसीबी आला की मग ‘आम्हाला विश्वासातच घेतलं नाही’ म्हणून बाहेर या. नगरसेवकाला जाब विचारायची सवय लावून घेऊ नका. मार्च 2022 नंतर जवळजवळ चार वर्षे महापालिकेत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. ज्यांना सवय होती, त्यांचे त्या काळात फार हाल झाले.

आता पूल. पूल हा मागण्याचा विषय आहे, वापरण्याचा नव्हे. विद्यापीठ चौकात कोंडी फुटावी म्हणून पूल बांधले, ते 2020 मध्ये लॉकडाऊनच्या शांततेत पाडले, कारण तिथे मेट्रोसाठी दुमजली पूल हवा होता. म्हणजे तिथून जाणाऱ्याने पूल नसतानाची, बांधतानाची, असतानाची, पाडतानाची आणि पुन्हा बांधतानाची, अशी पाचही प्रकारची कोंडी भोगली. चांदणी चौकातला जुना पूल तर 2 ऑक्टोबर 2022 च्या मध्यरात्री स्फोट करून उडवायचा ठरला. अख्खे पुणे टीव्हीसमोर जागे. स्फोट झाला, धूळ बसली, आणि पाहतात तो पुलाचा सांगाडा बराचसा जागेवरच! आतल्या सळयांनी सुटायला नकार दिला. शेवटी पोकलेन लावून तो उतरवला. या शहरात कुणीतरी, कधीतरी, सळईत काटकसर केली नव्हती, याचा हा एकमेव सरकारी पुरावा. तोही आपण पाडला.

बीआरटीबद्दल, म्हणजे बसला रस्त्यात वेगळी लेन देण्याच्या योजनेबद्दल, हळहळा. 2006 च्या डिसेंबरात कात्रज–हडपसर मार्गावर आपण सुरू केली, देशातली पहिली म्हणून मिरवलीही. त्या राखीव लेनमधून आपली दुचाकी घातल्याचे तेवढे बोलू नका. मेट्रोला जोरदार पाठिंबा द्या. जमिनीवरून की जमिनीखालून हे भांडण मिटवून 2022 मध्ये ती एकदाची धावली, तेव्हा लोक सहकुटुंब बसून आले, फोटो काढले आणि आपापल्या गाडीने घरी गेले. मेट्रो दुसऱ्यांनी वापरायची असते, म्हणजे आपला रस्ता मोकळा होतो.

नदीबद्दल बोलताना आवाज खाली आणा. 44 किलोमीटरचा नदीकाठ सुधार प्रकल्प आहे, बाके असतील, सायकल ट्रॅक असेल. ‘पण पाण्याचं काय?’ असे कुणी विचारले, तर ते पावसाळ्यात स्वतः उत्तर द्यायला येते. जुलै 2024 मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत ते थेट पार्किंगपर्यंत आले होते. निळ्या पूररेषेच्या आत राहणाऱ्यांना खडकवासल्यातून किती क्युसेक विसर्ग सोडला हे तोंडपाठ असते. तुम्हाला तेवढी तयारी नको. ‘भिडे पूल गेला का पाण्याखाली?’ एवढे विचारता आले तरी जुने पुणेकर म्हणून खपाल. आणि हे विचारत असताना खाली टँकर हॉर्न देत असेल, तर खिडकी लावून घ्या. 2021 मध्ये 23 गावे घेऊन पुणे क्षेत्रफळात मुंबईच्याही पुढे गेले. क्षेत्रफळाला नळ जोडायचे तेवढे मागे राहिले.

शेवटी एक व्यावहारिक गोष्ट. दोनेक वर्षांत तुमच्या बाल्कनीसमोरच्या मोकळ्या प्लॉटला हिरवे पत्रे लागतील. टेकडी आठव्या मजल्यापर्यंत झाकली जाईल, असा अंदाज धरा. लगेच निवेदन लिहा, ‘अनियंत्रित बांधकाम’ हा शब्द त्यात दोनदा तरी येऊ द्या, आणि सह्यांना बाहेर पडा. पहिली सही मागच्या बैठ्या बंगल्यातल्या काकांची घ्या. टेकडी त्यांना तुमच्या इमारतीपूर्वी दिसत असे. नाही म्हणणार नाहीत. चष्मा शोधतील, सगळा मजकूर वाचतील, एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारतील, आणि पेन उघडण्याआधी एवढेच विचारतील, “तुमचा कितवा मजला?”