टायमिंग बेल्ट ‘घरीच दोन तासांत’: एका फिरत्या मजकुराचा प्रतिवाद

पुण्यातील गाडीवाल्यांच्या आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. त्याचा सारांश असा, की टायमिंग बेल्ट, म्हणजे क्रँक (पिस्टनांनी फिरणारा दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनाच्या झडपा, उघडणारा दांडा) यांना एका तालात फिरवणारा दातेरी पट्टा, बदलणे हे अल्टरनेटरचा, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राचा, पट्टा बदलण्याइतकेच सोपे काम असून पान्यांचा साधा संच हाताशी असल्यास पार्किंगमध्ये दोन तासांत ते उरकते, त्यातच क्रँक आणि कॅमचे ऑइल सीलही (दांड्याभोवती तेल अडवणाऱ्या कड्या) बदलून होतात, आणि तुटण्यापूर्वी बेल्ट आवाज देतोच. गॅरेजवाले लुटतात, हे पालुपद अर्थातच आहे. हे काम घरी करूच नये, असे माझे म्हणणे नाही. इंजिनाची वाट लागते नेमक्या त्याच पायऱ्या मजकुरात गाळल्या आहेत, हा माझा आक्षेप आहे.

मुळात बेल्ट प्रत्येक गाडीत नसतो. मारुतीच्या के-सिरीज इंजिनांत आणि ह्युंदाईच्या १.२ कप्पा इंजिनात चेन असते, डस्टरच्या १.५ डिझेलमध्ये बेल्ट असतो. आपल्या इंजिनात काय आहे, हे आधी पाहावे.

‘आवाज देतो’ हा दावा सर्वांत घातक आहे. सकाळी गाडी सुरू करताना किंचाळतो तो बाहेरचा, अल्टरनेटर किंवा एसी फिरवणारा पट्टा. टायमिंग बेल्टला दाते असतात, त्यामुळे तो तसा घसरून ओरडत नाही. टेन्शनरचे (बेल्ट ताणून धरणाऱ्या चाकाचे) किंवा वॉटर पंपाचे बेअरिंग गेले तर आवाज येऊ शकतो. पण बेल्टच्या आतील काचतंतूंच्या दोऱ्या झिजल्या तर तो मुकाट्याने तुटतो. ज्या इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकाच जागेत आळीपाळीने येतात, तिथे मग पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात, व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड (इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) उतरवावे लागते.

‘किलोमीटर भरले नाहीत, तर बेल्टला हात लावू नका’ हा सल्लाही अर्धवट आहे. कंपन्या किलोमीटर आणि वर्षे अशा दोन्ही मर्यादा देतात, आणि जी आधी गाठली जाईल ती धरायची असते. सदाशिव पेठेत आठवडाभर उभ्या राहणाऱ्या गाडीचेही रबर जुने होते. आणि रोज कोथरूडहून हिंजवडीला जाणारी गाडी कोंडीत जेवढा वेळ उभ्याने चालू असते, तो मीटरवर दिसत नाही.

आता क्रँक आणि कॅमची जुळणी, म्हणजे टायमिंग, दाखवणाऱ्या खुणांविषयी. मजकूर सांगतो, की जुन्या बेल्टवर आणि पुल्यांवर व्हाइटनरने खुणा करा, त्या नव्या बेल्टवर उतरवा, काम झाले. जुने टायमिंग बरोबर असेल आणि मध्ये काहीही हलले नाही, तरच हे जमते. प्रत्यक्षात बेल्ट काढताच व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांच्या दाबाने कॅम झटकन थोडा फिरू शकतो. काही इंजिनांत तर क्रँकच्या पुलीला चावीच (पुली दांड्यावर फिरू न देणारी धातूची पाचर) नसते, ती केवळ बोल्टच्या आवळणीवर धरलेली असते. तिथे क्रँक आणि कॅम जागच्या जागी अडवणाऱ्या लॉकिंग पिना आणि कंपनीचे मॅन्युअल यांना पर्याय नाही. बेल्ट चढवून टेन्शनर ठरलेल्या जागी आणल्यावर क्रँक पान्याने, हातानेच, इंजिनाच्या फिरण्याच्या दिशेने दोन पूर्ण फेरे फिरवायचा असतो. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमचा एकच फेरा होतो, म्हणून दोन फेऱ्यांनंतर सर्व खुणा पुन्हा जुळल्या पाहिजेत. वाटेत पाना कशावर तरी अडला, तर जोर न लावता तिथेच थांबावे. हा परिच्छेद मजकुरात नाही. तिथे थेट ‘सेल्फ मारा’ असे लिहिले आहे.

सीलबाबतचा सल्ला तर ‘स्क्रू ड्रायव्हरने उचकटा, नवा ठोकून बसवा’ एवढाच आहे. उचकटताना शाफ्टच्या (दांड्याच्या) गुळगुळीत पृष्ठभागावर नखाएवढा ओरखडा गेला, तरी नवा सीलही गळतो. तो सरळ आणि जुन्याइतक्याच खोलीवर बसावा लागतो, आणि त्याच्या ओठाची (शाफ्टला टेकणाऱ्या कडेची) बारीक स्प्रिंग असलेली बाजू तेलाकडे राहते. साध्या रबरी सीलच्या ओठाला तेलाचे बोट लावतात; टेफ्लॉनचा सील मात्र कोरडाच बसवतात. शिवाय क्रँककेसचा ब्रीदर (इंजिनातला दाब बाहेर सोडणारी वाट) तुंबलेला असेल, तर आतला दाब नव्या सीलमधूनही तेल बाहेर ढकलतो, आणि दोष बिचाऱ्या सीलवर येतो. गळलेले तेल बेल्टवर आले असल्यास ‘पेट्रोलने पुसा’ असे सांगणाऱ्याला रबराची माहिती नसावी. असा बेल्ट फेकूनच द्यावा.

पुलीचा बोल्ट ढिला करण्यासाठी त्यात पाना अडकवून सेल्फचा झटका देण्याची युक्तीही त्यात आहे. पाना निसटला, तर हात मोडू शकतो.

खर्चाच्या मुद्द्यात तथ्य आहे. मजुरी वाचते, नाना पेठेत सुटे भागही मिळतात. पण ‘टेन्शनर फिरतोय ना, राहू द्या’ हे ऐकू नये. बेल्ट, टेन्शनर आणि आयडलर (बेल्टला वाट दाखवणारे चाक) एकत्र बदलावेत, वॉटर पंप त्याच बेल्टवर चालत असेल तर तोही. नवा बेल्ट दुकानात दुमडून किंवा पिळून पाहू नये, कारण आतल्या दोऱ्या तिथेच तुटू शकतात. आणि मॅन्युअलने पुलीचा बोल्ट एकदाच वापरायचा सांगितला असेल, तर जुना घट्ट आवळून चालत नाही. नवा आणून टॉर्क रेंचने (आवळणी मोजणाऱ्या पान्याने), सांगितलेल्या मापानेच आवळावा लागतो.