फायबर सेन्सर टाकला म्हणून तेलाची टेस्ट बंद करू नका

"ट्रान्सफॉर्मरच्या टाकीत ऑप्टिकल फायबरचा अल्ट्रासॉनिक सेन्सर टाका, इन्सुलेशनचा प्रत्येक फॉल्ट आधीच कळेल, काच असल्याने नॉइज शून्य, जागा अचूक, डिस्चार्ज किती तेही समजतं, मग डीजीएचा (तेलात विरघळलेले वायू तपासण्याच्या टेस्टचा) खर्च कशाला" असा मेसेज सगळीकडे फिरतोय. इन्सुलेशन बिघडायला लागलं की त्यात छोट्या ठिणग्या पडतात, त्यालाच पार्शल डिस्चार्ज म्हणतात, आणि त्यांचा आवाज हा सेन्सर ऐकतो. मला हे तंत्र मनापासून आवडतं, म्हणूनच त्याच्या नावावर काहीही खपवलेलं बघवत नाही.

नॉइज शून्य हे अर्धंच खरं. काच वीज वाहत नाही, त्यामुळे स्विचिंगचे स्पाइक फायबरमध्ये शिरत नाहीत आणि तो थेट तेलात, वाइंडिंगजवळ ठेवता येतो, कंपनाची वीज करणारा नेहमीचा पिएझो सेन्सर सहसा टाकीला बाहेरूनच चिकटवावा लागतो. पण आवाज तर त्यालाही ऐकू येणारच ना, तेलाचा पंप, सैल बोल्ट, टाकीवर पडणारा पाऊस, कोअरचा आवाज, सगळं. पार्शल डिस्चार्जचा आवाज साधारण २० ते ३०० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असतो आणि त्यातला खालचा भाग या गोंगाटामुळे बऱ्याचदा फिल्टर करून सोडूनच द्यावा लागतो. शिवाय फॅब्री-पेरो सेन्सरमध्ये, म्हणजे फायबरच्या टोकापुढच्या पातळ पडद्याची हालचाल प्रकाशाने मोजणाऱ्या प्रकारात, पडद्यामागचं अंतर तापमानाने आणि तेलाच्या दाबाने बदलतं, वर्किंग पॉइंट सरकतो, सेन्सिटिव्हिटी गुपचूप घसरते आणि स्क्रीनवर मात्र सगळं शांत दिसतं, जे मला सगळ्यात धोकादायक वाटतं.

जागा अचूक? तेलात आवाज सेकंदाला साधारण १४०० मीटर जातो, तेल तापलं की वेग कमी होतो. वेळेत १०० मायक्रोसेकंद चुकले की अंतरात १४ सेंटिमीटर चुकले. बाहेरच्या सेन्सरला टाकीच्या पत्र्यातून आलेली लाट आधी पोचते आणि हिशोब बिघडतो, तो त्रास आतल्या फायबरला बराच कमी, हे मान्य. पण डिस्चार्ज वाइंडिंगच्या आत खोलवर असेल तर कागद, प्रेसबोर्ड आणि तांबं यातून बाहेर येईपर्यंत आवाज इतका मरतो की कधीकधी काहीच हाती लागत नाही.

डिस्चार्ज किती पिकोकूलॉम (विद्युतभार मोजायचं एकक), हे तर आवाजावरून सांगताच येत नाही. जवळचा छोटा डिस्चार्ज लांबच्या मोठ्यापेक्षा जोरात ऐकू येतो. पिकोकूलॉमचं मोजमाप आयईसी ६०२७० या स्टँडर्डप्रमाणे इलेक्ट्रिकल पद्धतीनेच होतं, आवाज आणि यूएचएफ (रेडिओ लहरी) पद्धतींसाठी आयईसी ६२४७८ वेगळं आहे.

आणि डीजीए बंद? जॉइंट नुसता तापत असेल, डिस्चार्ज नसेल, तर फायबरला ऐकण्यासारखं काही नाहीच, पण तेलात एथिलीन वायू वाढलेला दिसतो. कागद म्हातारा होतोय, ओलावा चढतोय, हेही तेलातूनच कळतं. उलट डीजीए जागा सांगत नाही, गॅस साठायला वेळही लागतो, तिथे फायबर खरा उपयोगी पडतो. तेलात हायड्रोजन वाढतोय आणि फायबरवर व्होल्टेजच्या फेजला धरून पल्स दिसतायत, असं दोन्ही जुळलं तर उशीर करू नका. आणि फायबर गप्प पण असिटिलीन (जोरदार ठिणगीने तेलात तयार होणारा वायू) चढतंय, तर असिटिलीनवर विश्वास ठेवा, सेन्सर कदाचित वाइंडिंगच्या चुकीच्या बाजूला बसलाय.