चार ओळी स्वतः लिहिण्याचा मोह कसा टाळावा

तुम्ही नवं वेब फ्रेमवर्क, म्हणजे इतरांना वेबसाइट बांधायला तयार सांगाडा, लिहायला घेतलंय, अभिनंदन. जगात त्यांची टंचाई होतीच. पण तुमच्या कोडमध्ये एक काळजीची गोष्ट दिसली. संख्या सम आहे की विषम, हे ठरवायला तुम्ही चक्क दोनने भागून बाकी पाहिलीत. स्वतः!

या कामाला एनपीएमवर, म्हणजे जावास्क्रिप्टच्या तयार कोडच्या सार्वजनिक कोठारात, 'इज-इव्हन' नावाचं पॅकेज, म्हणजे आयतं घ्यायचं कोडचं गाठोडं, आहे. ते स्वतः काही ठरवत नाही, 'इज-ऑड'ला विचारतं आणि आलेलं उत्तर उलटं करून तुमच्या हातात ठेवतं. 'इज-ऑड' त्याआधी 'इज-नंबर'कडून खात्री करून घेतं की समोर आलेली वस्तू संख्याच आहे. जबाबदारी अशी ढकलता आली पाहिजे.

एखाद्या साध्या ॲपवाल्याने पॅकेज घेतलं तर ते त्याच्या एकट्याच्या गळ्यात पडतं. तुमचं तसं नाही. तुम्ही घेतलेलं प्रत्येक पॅकेज तुमच्या प्रत्येक वापरकर्त्याच्या नोड मॉड्यूल्स या फोल्डरमध्ये जाऊन बसणार, आणि त्याला कुणी विचारणारही नाही. शिवाय ते एकटं येत नाही, ज्यांच्यावर ते अवलंबून आहे ती पॅकेजं, म्हणजे डिपेंडन्सीज, सोबत आणतं. सोयरीक एका घराशी जुळवावी आणि मुक्कामाला त्यांचे व्याही, व्याह्यांचे मेहुणे आणि मेहुण्यांचे मित्र यावेत, तशातला प्रकार. एकूण किती जण आलेत ते मोजायला 'एनपीएम एलएस' ही कमांड 'ऑल' जोडून चालवता येते. चालवू नका. झोप महत्त्वाची.

मार्च २०१६ चा 'लेफ्ट-पॅड'चा किस्सा सांगून लोक तुम्हाला घाबरवतील. मजकुराच्या डावीकडे जागा भरून त्याची लांबी पुरी करायची, एवढंच काम करणारं ते ११ ओळींचं पॅकेज. दुसऱ्याच एका पॅकेजच्या नावावरून वाद झाला, लेखक रागावला, त्याने आपली सगळी पॅकेजं काढून घेतली आणि बेबल या कोडचं रूपांतर करणाऱ्या साधनावर विसंबलेल्यांची बिल्ड्स, म्हणजे कोड चालण्याजोगा करायची कामं, जगभर आडवी झाली. शेवटी एनपीएमने स्वतःच ते पॅकेज पुन्हा जागेवर आणून ठेवलं. भित्रा माणूस यावरून म्हणेल, ११ ओळी आपणच लिहू. तुम्ही धडा घ्यायचा तो असा, की ११ ओळी लिहूनही माणूस अपरिहार्य होऊ शकतो.

जावास्क्रिप्टने मात्र पुढच्याच वर्षी तेच काम करणारं 'पॅडस्टार्ट' अंगभूत करून टाकलं. ही खोड तिला जुनीच आहे. आपण एखादं पॅकेज जिवापाड सांभाळावं आणि नेमकी तीच सोय भाषेत नाहीतर ती सर्व्हरवर चालवणाऱ्या नोडमध्ये येऊन बसावी. नोड १८ पासून नेटवरून माहिती आणणारं फेचसुद्धा आयतं मिळतं. अशा वेळी जुनं पॅकेज सोडू नका, निष्ठा नावाची काही चीज असते. तारखा हाताळणाऱ्या 'मोमेंट'च्या मेंटेनरांनी, म्हणजे देखभाल करणाऱ्यांनी, तर २०२० मध्ये स्वतःच जाहीर केलं, की नव्या प्रकल्पासाठी आम्हाला घेऊ नका. हा त्यांचा विनय समजा आणि घ्या. वेबपानं सजवणाऱ्या बूटस्ट्रॅपने पाचव्या आवृत्तीत जेक्वेरी या जुन्या जावास्क्रिप्ट लायब्ररीला निरोप दिला. रेल्स या वेब फ्रेमवर्कने २०२४ च्या आठव्या आवृत्तीत मागे चालणारी कामं आणि कॅश (पुन्हा लागणाऱ्या माहितीचा हाताशी ठेवलेला साठा) दोन्ही थेट डेटाबेसवर चालवायची सोय केली, त्यासाठी रेडिस हा वेगळा डेटासाठा उभा करायचं कारणच ठेवलं नाही. ही माणसं कोणत्या मातीची आहेत कोण जाणे.

मग कुणीतरी सुरक्षेचं तुणतुणं वाजवेल आणि २०१८ चं 'इव्हेंट-स्ट्रीम' या पॅकेजचं प्रकरण काढेल. थकलेल्या मेंटेनरकडे एक अनोळखी मदतनीस आला, मेंटेनरने विश्वासाने कारभार त्याच्या हाती सोपवला आणि काही दिवसांत 'फ्लॅटमॅप-स्ट्रीम' नावाची नवी डिपेंडन्सी जोडली गेली. पुढे तिच्यात जो कोड आला, त्याचा डोळा कोपे नावाच्या एका बिटकॉइन वॉलेटवर होता. कुठे घुसायचं, कुणापर्यंत पोचायचं, सगळं हिशेबात. त्या माणसाने डिपेंडन्सीचं झाड ते लावणाऱ्यांपेक्षा बारकाईने वाचलं होतं. असा वाचक मिळायला भाग्य लागतं.

सप्टेंबर २०२५ मध्ये 'चॉक' आणि 'डीबग' या पॅकेजांचीही पाळी आली. मेंटेनरला बनावट ईमेल गेला, खातं हातचं गेलं आणि काही तास या पॅकेजांतून क्रिप्टोचे पत्ते बदलणारा कोड वाटला गेला. 'चॉक' करतं काय, तर टर्मिनलमध्ये अक्षरं रंगवतं. पण तुमच्या फ्रेमवर्कची एरर लाल दिसायला नको का?

एक अपवाद मात्र सांगून ठेवतो. पासवर्ड हॅशिंग, एन्क्रिप्शन, टाइमझोन अशा अवघड जागी जाणकारांची, वर्षानुवर्षं घासूनपुसून घेतलेली लायब्ररी वापरणं शहाणपणाचं मानतात. नेमकं तिथे तुम्ही स्वतः लिहा. एका दुपारचं काम आहे.

डिपेंडन्सीच्या आवृत्तीच्या आकड्याआधीचं कॅरेट चिन्ह (^) अजिबात काढू नका. मेजर, म्हणजे पहिला, आकडा तोच आहे तोवर नवीन येईल ते मुकाट्याने घेईन, असा तो करार आहे. तुमच्या रेपोतली, म्हणजे कोडच्या साठ्यातली, नेमक्या आवृत्त्या पक्क्या करणारी लॉकफाइल तुमचं फ्रेमवर्क इन्स्टॉल करणाऱ्याला लागू होत नाही, हे तुम्हाला ठाऊक असेलच. नसेल तर उत्तम. तुमच्या मशीनवर सगळ्या चाचण्या हिरव्या राहतील, त्याच्याकडे बिल्ड कोसळेल आणि 'माझ्याकडे तर चालतंय' हे वाक्य तुम्ही अगदी प्रामाणिकपणे उच्चाराल.

आदर्शच हवा असेल तर 'एव्हरीथिंग' पाहा. एनपीएमवरच्या जवळपास सगळ्या पॅकेजांवर अवलंबून असलेलं हे पॅकेज २०२३ च्या सरत्या दिवसांत गंमत म्हणून निघालं. लेफ्ट-पॅडनंतर नियम कडक झाले होते आणि ज्यावर दुसरं कुणी अवलंबून आहे ते पॅकेज सहजासहजी मागे घेता येत नव्हतं. आता एक पठ्ठ्या सगळ्यांवरच अवलंबून! मग काय, लोकांना आपापली पॅकेजं मागे घेता येईनात. तुमचं फ्रेमवर्क अजून त्या उंचीवर पोचलेलं नाही, पण दिशा बरोबर आहे.

कधीतरी कुणी आगाऊ माणूस पुल रिक्वेस्ट, म्हणजे आपले बदल सामील करून घ्यायची विनंती, पाठवेल, की नऊ डिपेंडन्सीज काढल्या, त्यांच्या जागी चाळीस ओळी लिहिल्या, चाचण्या सगळ्या पास. त्याचे आभार माना. मग बेंचमार्क, म्हणजे वेगाची मोजमापं, मागा. ते आले तर विंडोजवर तपासलंत का विचारा. तपासलं असेल तर, तुमची ब्रँच (कोडची वेगळी प्रत) बरीच मागे पडली आहे, जरा रीबेस करा, म्हणजे ताज्या कोडवर पुन्हा बसवा, म्हणावं. तेवढ्यात आपला बॉट 'बऱ्याच दिवसांत हालचाल नाही' असा शेरा मारून ती रिक्वेस्ट बंद करून टाकेल. फक्त तो बॉट स्वतः लिहीत बसू नका, त्याचंही पॅकेज मिळतं.