रुंद रस्ता म्हणजे जोडलेला रस्ता नव्हे

गेल्या पंधरवड्यात एकच मजकूर मला पाच ग्रुपवर आला. शेवटी आमच्या मेव्हण्यांनीही पाठवला, वर "वाचा जरा" अशी ताकीद. मजकुराचा सारांश असा: हद्दवाढीनंतर सोलापूर पाचपट झालं, जुन्या पेठा वेड्यावाकड्या पसरल्या होत्या, नवी नगरं मात्र नियोजित आहेत, कारण तिथले रस्ते सरळ आणि रुंद आहेत, जे रस्ते अजून तुटक दिसतात ते वस्ती वाढली की आपोआप जोडले जातील. पुराव्याला आकाशातून घेतलेले दोन फोटो. एक पेठेचा, दुसरा विजापूर रोडमागच्या एका लेआऊटचा.

मी बावीस वर्षं लेआऊटचे नकाशे काढतोय. त्या दुसऱ्या फोटोसारखे कितीतरी माझ्याच हातून निघालेत. म्हणून हे लिहितोय.

पाचपटीचं आधी उरकून टाकू. ५ मे १९९२ ला हद्दवाढ झाली आणि महापालिकेचं क्षेत्र सुमारे ३३ चौरस किलोमीटरवरून १७८.५७ चौरस किलोमीटर झालं. आकडा खरा आहे. पण वाढली ती हद्द. शहर तेवढं वाढलं असं त्यातून निघत नाही. १९९१ च्या जनगणनेत लोकसंख्या ६,०४,२१५ होती, २००१ मध्ये ८,७२,४७८. भागाकार करून बघा: चौरस किलोमीटरला अठरा हजारांवर माणसं होती, ती पाच हजारांच्याही खाली आली. कागदावर दाटी जवळजवळ पावपट झाली, आणि त्यासाठी एकाही घरातलं सामान टेम्पोत चढलं नाही. सोरेगाव, बाळे, केगाव, कुमठे, शेळगी इथली ज्वारीची रानं महापालिकेच्या नकाशात आली, इतकंच. हद्दीच्या रेषेवरून शहराचा पसारा मोजणं म्हणजे सातबाऱ्यावरून पीक किती आलं ते सांगणं.

आता "सरळ आणि रुंद". इथे मजकूर लिहिणाऱ्याची खरी गफलत आहे. रस्ता सरळ आहे का, हे वरून दिसतं. तो कुठे पोचतो, हे चालून कळतं.

रस्ते किती जोडलेले आहेत ते मोजायची एक साधी पद्धत आहे. रस्ते जिथे मिळतात किंवा संपतात तो प्रत्येक बिंदू घ्यायचा आणि तिथून किती फाटे निघतात ते मोजायचं. चौकाला चार, तिठ्याला तीन, बंद गल्लीच्या टोकाला एक. (आपल्या सात रस्त्याला किती, हे सोलापूरकराला सांगायला नको.) मग सरासरी काढायची. ती जितकी जास्त, तितके रस्ते एकमेकांना जोडलेले. समजा एका पेठेच्या तुकड्यात चार चौक आणि सहा तिठे आहेत: चौतीस फाटे, दहा बिंदू, सरासरी ३.४. आणि समजा एका लेआऊटमध्ये मधोमध रस्ता असून त्याला सहा गल्ल्या फुटतात, सहाही पुढे बंद: सहा तिठे आणि सहा टोकं, चोवीस फाटे, बारा बिंदू, सरासरी २. रस्त्याची रुंदी या हिशोबात कुठेच येत नाही. तो चाळीस फुटी असो की दहा फुटी, पुढे भिंत असेल तर फाटा एकच.

पेठेत विजापूर वेशीतून मधल्या मारुतीकडे निघालात आणि गणपतीच्या मांडवाने एक गल्ली अडवलेली असली, तर तुम्ही काय करता? काहीच नाही, शेजारच्या गल्लीत शिरता. विचारही करत नाही. आता मेव्हण्यांच्या नगरात या. तोंडाशी सिलिंडरची गाडी उभी राहिली की आतली शाळेची रिक्षा आत, बाहेरची बाहेर. त्यांच्या गच्चीवरून मागच्या नगरातलं किराणा दुकान दिसतं, दुकानावरची पाटी वाचता येते. पण तिथे जायचं तर आधी हमरस्ता, मग पुढचा फाटा, मग पुन्हा आत. मागच्या महिन्यात तिथे पहिल्यांदा आलेल्या रिक्षावाल्याने नकाशा बघत गाडी थेट शेवटच्या प्लॉटपर्यंत नेली आणि मागे वळून म्हणाला, "पुढं रस्ताच नाही की ओ, बांध आहे." हाच तो नियोजित रस्ता.

एक मान्य करायला हवं. पेठेतल्या बोळात अग्निशमनाची गाडी शिरत नाही, आणि तिथे राहणाऱ्याला जोडणीचं कौतुक ऐकवून उपयोग नाही. रुंदी लागतेच. पण रुंदी हा एक गुण, जोडणी हा दुसरा. मजकुराने पहिला दाखवून दुसऱ्याचेही मार्क घेतले.

"नियोजित" या शब्दाबद्दल मला जरा जास्त बोलायचंय, कारण या धंद्यात तो कसा तयार होतो ते मी पाहिलंय.

शहराच्या कडेच्या जमिनी वाटण्या होऊन होऊन लांबट पट्ट्या झालेल्या असतात. तोंड हमरस्त्याला, शेपूट आत कुठेतरी बांधापाशी. मालक पट्टी घेऊन येतो आणि म्हणतो, "साहेब, जास्तीत जास्त प्लॉट बसवा." पट्टीत दुसरं काही बसतही नाही: मधून रस्ता, दोन्हीकडे प्लॉट. प्रश्न शेवटी येतो. रस्ता बांधापर्यंत न्यायचा, की एक प्लॉट अलीकडे थांबवून तिथे आडवा प्लॉट टाकायचा? बांधापर्यंत नेला तर एक प्लॉट जातो, आणि फायदा होतो शेजारच्या गटवाल्याचा. बावीस वर्षांत स्वतःहून "न्या बांधापर्यंत" म्हणणारे मालक मला दोन भेटले. शेजारचा गट चार वर्षांनी दुसऱ्याच ऑफिसातून येतो, त्याचा रस्ता स्वतःच्या मापाने पडतो. प्रत्येक तुकडा नियमात बसतो, मंजूरही होतो. जोड कुणाच्याच नकाशात नसतो.

हे झालं एनए, म्हणजे बिगरशेती मंजुरीच्या लेआऊटचं. गुंठेवारीत तर नकाशाही नसतो. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. मधे चुन्याच्या फक्क्या मारायच्या, स्टॅम्पपेपर करायचा आणि विकायचं. राज्याने २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला, तेव्हा १ जानेवारी २००१ पूर्वीचे प्लॉट त्यात घेतले; २०२१ च्या दुरुस्तीने ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे नेली. घरं वाचली, लोकांना पाणी-वीज मागायचा हक्क आला, चांगलंच झालं. पण घराबरोबर तिथली बंद गल्लीही कायम झाली.

मजकुरात जुनं-नवं अशी तुलना आहे, तीही एका फोटोशेजारी दुसरा लावून. काळानुसार बदल बघायचा तर प्रत्येक दशकात पडलेले रस्ते वेगळे काढून मोजावे लागतात. सगळ्या शहराची मिळून सरासरी काढली तर जुन्या पेठांची चांगली जोडणी नव्या नगरांचं पाप झाकते. अशी मोजणी झालेली आहे. ख्रिस बॅरिंग्टन-ली आणि ॲडम मिलार्ड-बॉल या दोन संशोधकांनी २०१५ मध्ये अमेरिकेतल्या रस्त्यांचा शतकभराचा हिशोब मांडला. त्यात दिसलं की नव्या रस्त्यांची जोडणी दशकानुदशकं घसरत गेली, १९९४ च्या सुमाराला तळ गाठला आणि मग सुधारू लागली. २०२० मध्ये त्यांनी जगभराचा हिशोब केला: १९७५ पासून उपग्रहातून दिसलेली बांधकामं एकीकडे, ओपनस्ट्रीटमॅपवरचे रस्ते दुसरीकडे. एकूण जगात तुटकपणा वाढताना दिसला.

सोलापूरसाठी असा हिशोब हौसेने करणाऱ्यांना धंद्यातला एक इशारा. ओपनस्ट्रीटमॅप लोकांनी भरलेला नकाशा आहे. पेठेतला एखादा बोळ वाड्याच्या कडेने पलीकडे निघतो, पण नकाशावर अर्ध्यात थांबलेला असतो, आणि पेठ विनाकारण बदनाम होते. उलट नव्या नगरातला मंजूर रस्ता नकाशावर पलीकडे जाऊन मिळतो आणि जागेवर तिथे गोठा असतो. पायी खात्री केल्याशिवाय आकडा सांगू नये.

राहिलं शेवटचं, "आपोआप जोडले जातील". आपोआप फक्त बाभळी उगवतात. घर पाडून नवं बांधता येतं, गिरणी बंद पडून तिच्या जागेवर दुसरं काही उभं राहतं, पण रस्त्याची रेघ एकदा पडली की पिढ्यान्‌पिढ्या हलत नाही. दोन्ही बाजूंना वेगवेगळे मालक झाल्यावर एक जोड काढायचा म्हणजे संपादन, मोबदला, कोर्ट. जोड काढायची वेळ एकच असते: तिथे अजून काहीच नसतं तेव्हा. विकास आराखड्यात डीपी रोडची रेघ असते, पण ती मोठ्या रस्त्यांची. दोन नगरांमधल्या तीस फुटी गल्लीला आराखड्यात जागा नसते. तो जोड मंजुरीच्या टेबलावरच मागावा लागतो, शेजारच्या गटाचा नकाशा शेजारी ठेवून.

मेव्हण्यांच्या गल्लीच्या टोकाला मागच्या नगराचा रस्ता जवळजवळ समोर येऊन थांबलाय. दोन्हींत दहा-बारा पावलांचा फरक, मधे बांध आणि एक लिंबाचं झाड. पोरं तिथूनच शाळेला जायची, पायवाट चांगली मळलेली होती. दिवाळीनंतर तिथल्या प्लॉटवाल्याने कंपाउंड घातलं. प्लॉट त्याचा आहे, त्याला बोल लावता येत नाही. आता पोरं हमरस्त्याने जातात आणि मेव्हणे त्यांना स्कूटरवरून सोडतात.

मेव्हण्यांना मी उत्तर पाठवलंय. "मोठं आहे, रात्री वाचतो" असं आलंय.