७५ टक्के आणि ८० टक्के यांच्या मधली माणसं

दिव्यांग पेन्शनचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच आकड्यांची बोली लागते. २०२५ च्या जूनमध्ये बच्चू कडू मोझरीला उपोषणाला बसले, सहा हजारांची मागणी झाली, पुढे राज्याने दीड हजाराचे अडीच हजार केले. चांगलं झालं. आंध्रात २०२४ पासून सहा हजार मिळतात आणि पूर्ण अंथरुणाला खिळलेल्याला पंधरा हजार, तेव्हा आपले अडीच हजार म्हणजे फार मोठा तीर मारला असंही नाही. पण मला आज रकमेवर भांडायचंच नाहीये. ही रक्कम कुणाच्या हातात पडते, त्यावर बोलायचंय.

केंद्राची योजना आहे इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन. २००९ मध्ये सुरू झाली. २०१२ पासून महिना ३०० रुपये. हो, अजूनही तीनशेच. संसदेची ग्रामविकास स्थायी समिती ही रक्कम वाढवा असं पुन्हा पुन्हा लिहून देते, सरकार पुन्हा पुन्हा 'नोंद घेतली' म्हणतं. शिवाय २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २४ सांगतं की दिव्यांगांची मदत इतरांच्या तशाच योजनेपेक्षा किमान २५ टक्के जास्त हवी. केंद्राचं विधवा निवृत्तिवेतन किती? तीनशे. दिव्यांगांचं किती? तीनशे. स्वतःच केलेला कायदा केंद्राच्याच तक्त्यात बसत नाही, आणि याचं कुणाला काही वाटतही नाही.

आता अटी बघा. नाव दारिद्र्यरेषेखालच्या यादीत हवं आणि अपंगत्व किमान ८० टक्के हवं. ही ८० ची अट वरवर बरोबर वाटते. ज्याला जास्त त्रास, त्याला आधी, असं कुणीही म्हणेल. पण टक्के ठरतात कसे?

माझा धाकटा भाऊ चौतिसाचा आहे. बौद्धिक अक्षमता, प्रमाणपत्रावर 'मध्यम', म्हणजे ७५ टक्के. बोर्डातल्या डॉक्टरांनी मनाने आकडा लिहिलेला नाही, मार्गदर्शक सूचनांतच तसा तक्ता आहे: सौम्य असेल तर ५०, मध्यम असेल तर ७५, तीव्र असेल तर ९०, अतितीव्र असेल तर १००. पंचाहत्तरनंतर थेट नव्वद. ८० ची रेघ ज्यांनी आखली त्यांनी हा तक्ता समोर ठेवला होता का, मला शंका आहे. कारण या रेघेने मध्यम गटातला एकूण एक माणूस बाहेर राहतो.

आणि 'मध्यम' म्हणजे काय ते घरी येऊन बघावं. तो स्वतः जेवतो, अंगणात झाडू मारतो, देवळात आरतीला सगळ्यांच्या आधी टाळ घेऊन उभा असतो. शर्टाची बटणं मात्र रोज एक घर खाली-वर लागतात आणि आई ती सोडून परत लावते. दहाची नोट आणि पाचशेची नोट त्याला सारखीच. दुकानात पाठवायचा तर खिशात चिठ्ठी द्यायची, दुकानदार काका तीच चिठ्ठी उलटी करून हिशेब लिहून पाठवतात. गॅसजवळ एकटं सोडता येत नाही. तो एकटा राहू शकेल का, असा प्रश्न कुठल्याही अर्जात नाही. टक्के आहेत ना, संपलं.

कुणी म्हणेल, महाराष्ट्रात ज्यातून हे अडीच हजार मिळतात त्या राज्याच्या संजय गांधी निराधार योजनेला ४० टक्के चालतात, मग अडचण काय? बरोबर. त्यात केंद्राचे तीनशे नसले तर राज्य पूर्ण रक्कम आपल्या खिशातून भरतं. म्हणून इथे ही ८० ची रेघ कुणाला फारशी टोचत नाही. पण इथे दार वेगळ्या ठिकाणी बंद होतं. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५०,००० च्या आत हवं, म्हणजे महिन्याला ४,१६६ रुपये. नवराबायको दोघं शेतमजुरी करत असतील तरी याच्या वर जातात. आमचे वडील, अण्णा, कारखान्यातून रिटायर झाले आणि अडुसष्टाव्या वर्षी पेट्रोलपंपावर रात्रीची वॉचमनकी करतात, नऊ हजारांवर. झालं, धाकटा अपात्र. चौतीस वर्षांच्या माणसाला स्वतःची दमडी नाही, पण कागदावर तो लाखाच्या वर उत्पन्न असलेल्या घरातला.

लाडकी बहीण योजनेला हीच मर्यादा अडीच लाख आहे. माझ्या वहिनीला ते पैसे मिळतात आणि मिळावेतच, माझी तक्रार तिच्याबद्दल नाही. पण एकाच राज्यात, एकाच घरात, दोन योजनांच्या 'गरीब' मध्ये पाच पटींचा फरक कसा?

यातून काय होतं हे सगळ्यांना माहीत आहे. तहसीलबाहेर बसलेला एजंट अण्णांना म्हणाला, "काका, एकोणपन्नास हजारांचा दाखला बसवून देतो, बाकी माझ्यावर सोडा." अण्णा उठून आले. उठून न येणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. अशी अट ठेवायची आणि वर बोगस लाभार्थी म्हणून ओरडायचं, याचा मला जास्त राग येतो. २०२४ मध्ये त्या प्रशिक्षणार्थी आयएएस बाईंच्या प्रमाणपत्राचं प्रकरण गाजलं, तेव्हापासून तर आम्ही सगळेच संशयित. तपासा, जरूर तपासा, यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, त्यासाठीच आहे. पण खोटं प्रमाणपत्र शोधणं वेगळं आणि खऱ्या माणसाला बापाच्या पगारावरून हाकलणं वेगळं.

माझ्या मते सुधारणा करायची तर अठरा वर्षांवरच्या दिव्यांग व्यक्तीचं उत्पन्न तिचं स्वतःचं धरा. ते जमत नसेल तर मर्यादा निदान लाडक्या बहिणीइतकी करा. केंद्राने ८० चे ४० करावेत, कायद्यातही लक्षणीय दिव्यांगत्व ४० पासूनच धरलं आहे. आणि सांभाळणाऱ्याचा भत्ता. तो कलम २४ मध्ये लिहिलेला आहे, केरळात आश्वासकिरणम् नावाने महिना सहाशे रुपये का होईना देण्याची योजना आहे. आई पासष्टीच्या पुढे गेली, चौतीस वर्षांत एका लग्नाला दोन दिवस राहिलेली मला आठवत नाही. तिच्या कामाची किंमत सहाशे नक्कीच नाही, पण शून्य तरी नसावी.

पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न कमेंटमध्ये येणारच. विचारा, पण निवडणुकीच्या तोंडावर घोषणा झाल्या तेव्हाही विचारला होतात का, तेवढं सांगून विचारा.

आमच्या पालकांच्या गटातर्फे आमदार-खासदारांना निवेदन द्यायचं ठरलंय. उत्पन्नाच्या किंवा टक्क्यांच्या अटीमुळे तुमच्या घरातल्या कुणाचा अर्ज नामंजूर झाला असेल तर तालुका, अर्जाचं वर्ष आणि नामंजुरीच्या पत्रात लिहिलेलं कारण एवढंच मला इनबॉक्स करा. आधार नंबर, प्रमाणपत्राचे फोटो असलं काही पाठवू नका.